जबडा, मान आणि पाठ : दवाखान्यात रोज विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला फिजिओथेरपी करते. येणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मान धरली, खांदे भरून आले, पाठीत चमक निघते. तपासताना मी तोंड उघडायला सांगितलं की समोरचा गोंधळतो. "मॅडम, मान दुखतीय, दात नाही." मग समजावण्यात दहा मिनिटं जातात आणि बाहेरच्या बाकड्यावर बसलेले लोक घड्याळ बघायला लागतात. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदा लिहूनच काढली.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना गल्लत होणार नाही. जबडा आणि मान यांचं नातं घट्ट आहे. जबडा आणि खांद्याचं बऱ्यापैकी. जबडा आणि कंबरेचं मात्र फार लांबचं, लग्नपत्रिकेपुरतं. जसजसं खाली यावं तसतसा हा धागा बारीक होत जातो.

मान दुखतीय, तर तोंड कामून उघडायला लावता?

कारण तोंड एकटा जबडा उघडत नाही. पंगतीत समोर बसलेल्या माणसाकडे जरा बाजूने बघा. भाकरीचा मोठा घास तोंडाशी आला की खालचा जबडा खाली जातो, आणि त्याच क्षणी डोकं किंचित मागे कलतं. आपल्या लक्षातही येत नाही इतकं थोडं. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातल्या संशोधकांनी हे यंत्राने मोजून दाखवलं आहे. डोकं हलू दिलं नाही, तर तोंडही नेहमीइतकं उघडत नाही. म्हणजे घास घेणं, जांभई देणं, कीर्तनात लांब तान घेणं, ही सगळी मानेचीही कामं आहेत.

जबडा मिटणारे स्नायू सहज सापडतात. दात आवळा आणि कानशिलावर, मग गालावर बोटं ठेवा. टणक गोळा लागतो, तेच ते. उघडणारे स्नायू हनुवटीखाली असतात आणि ते गळ्यातल्या एका घोड्याच्या नालेसारख्या हाडाला जोडलेले असतात. त्या हाडाचं नाव हायॉइड. दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. ते नुसतं स्नायूंच्या आधारावर लटकलेलं असतं. त्याला खालून धरून ठेवणाऱ्या पट्ट्या छातीच्या हाडापर्यंत जातात. त्यातली एक, ओमोहायॉइड, तर गळपट्टीच्या हाडामागून थेट खांद्याच्या फऱ्याला जाऊन लागते. ही पट्टी अगदी बारीक असते. तिच्यामुळे खांदा दुखतो असं मी म्हणणार नाही, पण जबड्याच्या कामाची दोरी कुठवर बांधलेली आहे हे तिच्यावरून कळतं.

आता मागची बाजू. डोक्याचा भार मानेच्या टेकूच्या थोडा पुढे पडतो. म्हणून तर एसटीत डुलकी लागली की डोकं पुढेच पडतं आणि तोंड उघडं राहतं. जागेपणी ते पडू नये म्हणून मानेच्या मागचे स्नायू दिवसभर मागून लगाम धरून असतात. पुढून जबड्याने ओढ वाढवली की मागच्यांनाही तेवढा जोर लावावा लागतो. तक्रार मागचे करतात, पण सुरुवात कधीकधी पुढून झालेली असते.

दुखणं एकीकडे आणि कारण दुसरीकडे, असं होतं कसं?

एका मीटरवर दोन घरं जोडलेली असली की बिल वाढल्यावर कोणी पंखा चालू ठेवला ते कळत नाही. तसंच इथे होतं. चेहरा आणि जबडा यांची खबर ट्रायजेमिनल नावाची नस मेंदूकडे नेते. मानेच्या वरच्या भागाची खबर मणक्यातून निघणाऱ्या पहिल्या तीन नसा नेतात. दोन्हींची खबर मेंदूच्या देठाशी एकाच ठिकाणच्या पेशींपाशी पोचते. मग मानेतला ताण कानशिलात जाणवतो आणि जबड्याचा ताण डोक्याच्या मागे. खांद्यावरचा जाड स्नायू, ट्रॅपिझियस, त्यात गाठ आली की दुखणं मानेच्या बाजूने वर चढून कानशिलापर्यंत जातं. असे रुग्ण डोकेदुखीच्या गोळ्या खाऊन थकलेले असतात. खांद्यावरची ती गाठ दाबली की म्हणतात, "हां, हेच ते डोकं!"

मान खाली घालून तासन्‌तास अभ्यास केल्यानं जबड्यावर काय परिणाम होतो?

लातुरात हा प्रश्न न येता तरच नवल. बाहेरगावची हजारो पोरं इथं खोल्या करून राहतात, आणि "मान मोडून अभ्यास कर" हा आशीर्वाद घेऊनच घरून निघतात. काहींच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरतो.

एक प्रयोग करून बघा. ताठ बसा, दात हलकेच टेकवा, मागचे-पुढचे कुठे टेकतात ते ध्यानात ठेवा. आता छताकडे बघा आणि पुन्हा टेकवा. दात आधी दाढांकडे टेकतील. मग खाली पुस्तकाकडे बघून टेकवा. आता पुढचे दात आधी टेकतात. दात तेच आहेत, डोकं हललं म्हणून जबड्याची जागा बदलली. डोकं पुढे काढून वर बघत बसायची सवय, म्हणजे जमिनीवर बसून फळ्याकडे किंवा उंच ठेवलेल्या टीव्हीकडे बघण्यासारखी, लागली की हनुवटीखालचे स्नायू ताणले जातात आणि जबडा मागे-खाली ओढला जातो. तोंड मिटलेलं ठेवायला मग गालातल्या स्नायूंना उगाच काम लागतं.

माणसाचं डोकं साधारण साडेचार ते साडेपाच किलोचं असतं. मोबाईलवर फिरणारं एक चित्र तुम्ही पाहिलं असेल. त्यात मान 60 अंश झुकवली की मानेवर 27 किलो भार येतो असं दाखवलेलं असतं. तो आकडा 2014 सालच्या एका संगणकी गणितातून आला आहे. जिवंत माणसांच्या माना मोजून काढलेला नाही. वाकलेल्या मानेवर ताण जास्त येतो हे खरं, पण वाकली म्हणजे मोडली असं नाही. मान वाकण्यासाठीच आहे. त्रास होतो तो एकाच जागी तीन तास थिजून बसल्याने. पोरांना मी सांगते, "नीट बस" हे विसरा, "हलत बस" हे लक्षात ठेवा. अर्ध्या तासाने उठून पाण्याची बाटली भरून आणा. पुस्तक मांडीवरून उचलून पाटावर नाहीतर उशीवर ठेवा.

दात आवळून धरायची सवय आहे. त्याचा खांद्याशी काय संबंध?

हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या मान-खांद्याच्या बऱ्याच लोकांत हेच सापडतं आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नसतं.

आधी एक सांगा. हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का? टेकलेले असतील तर ती सवय तुम्हालाही आहे. आरामात असलेल्या तोंडात ओठ मिटलेले असतात पण दातांमध्ये दोन-चार मिलिमीटर फट असते. दात खरोखर टेकायला हवेत ते गिळताना आणि चावताना. चोवीस तासांत ही वेळ सगळी मिळून फार थोडी भरते. बाकीच्या वेळी आवळलेले दात म्हणजे घरी कोणी नसताना चालू राहिलेली मोटार.

दात आवळले की मानेचे आणि खांद्यावरचे स्नायूही थोडे घट्ट होतात. खांद्यावर हात ठेवून दात आवळून-सोडून बघा, बऱ्याच जणांना हाताखाली फरक जाणवतो. याला एक जुना वैद्यकीय पुरावाही आहे. हंगेरीचे डॉक्टर येंद्रासिक यांनी 1885 साली दाखवलं, की माणसाला हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावलं की गुडघ्यावर मारलेल्या हातोडीला पाय जास्त जोराने उडतो. नुसते दात आवळले तरी तसंच होतं. डॉक्टर आजही ही युक्ती वापरतात. एका ठिकाणचा जोर साऱ्या अंगाला चेतवतो. जड उचलताना आपण आपोआप दात-ओठ खातो ते म्हणूनच.

म्हणून पोतं उचलताना दात आवळले तर बिघडत नाही. पोतं खाली ठेवल्यावरही आवळलेलेच राहिले तर बिघडतं. कर्जाचा हप्ता, पोरीचं लग्न, पावसाने मारलेली दडी, निकालाची वाट, ही पोती खाली ठेवताच येत नाहीत, आणि जबडा ती धरून बसतो. मोंढ्यात बसणारे एक काका मानदुखीसाठी आले होते. त्यांच्या गालातले स्नायू पैलवानाच्या दंडासारखे झाले होते. सोयाबीनच्या भावाचा विषय निघाला की ते चेहऱ्यावर दिसायचे.

डोक्यावर मोळी, हंडा वाहणाऱ्यांचं काय?

दिवाळी झाली की बीड, धाराशिव, लातूरकडच्या किती तरी जोड्या ऊसतोडीला जातात. दिवसभर कंबरेत वाकून कोयता चालवायचा, मग मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या शिडीवरून वर चढायचं. हंगाम संपवून परत आलेल्या बायका सांगतात, "मान अशी भरती की भाकर चावताना बी कळ येती."

ओझं मधोमध असेल तर डोक्यावरून वाहण्यात मान सरळ राहते, पाठही ताठ राहते. आपल्या आज्या चुंबळ डोक्यावर ठेवून दोन घागरी आणायच्या आणि चालीत हेलकावा नसायचा. पण वजन वाढलं, तोल सांभाळत शिडी चढायची असली, की मान आणि जबडा दोन्ही आवळून एक खांब करावा लागतो. तो खांब दिवसातून पन्नास वेळा करायचा. दोष त्यांच्या बसण्या-उठण्याचा नाही, कामाचा आहे. आणि "ओझं उचलू नका" हा सल्ला त्यांना देताना मला स्वतःचीच लाज वाटते.

त्यांना पाळता येईल असं थोडंच सांगते. चुंबळ जाड करा. मोळी उतरवली की लगेच दुसरीकडे न वळता दोन श्वास घ्या, जबडा सैल सोडा, खांदे एकदा कानापर्यंत उचलून टाकून द्या. जमलं तर उचलून देण्याचं आणि वाहण्याचं काम आळीपाळीने करा. रात्री मानेला गरम पाण्याचा शेक.

जबडा उघडताना कटकट वाजतो. घाबरायचं का?

दुखत नसेल आणि तोंड पुरेसं उघडत असेल तर नाही. कानाच्या पुढच्या सांध्यात एक लवचिक चकती असते, ती मागे-पुढे सरकताना आवाज होतो. पुष्कळ लोकांचा वाजतो. मुद्दाम वाजवून बघू नका आणि पाहुण्यांना ऐकवू नका. दुखायला लागलं, मध्येच अडकायला लागलं किंवा तोंड उघडताना एका बाजूला वाकडं जायला लागलं तर दाखवा.

पुरेसं म्हणजे किती, तर स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत.

लेकरू रात्री दात खातं. जंताचं औषध द्यावं का?

आमच्याकडे आजीचं निदान ठरलेलं असतं, दात खातंय म्हणजे पोटात जंत. जंताचं औषध शाळेत, अंगणवाडीत मिळतं ते जरूर द्या, ते जंतासाठी चांगलंच आहे. दात खाणं मात्र त्याने थांबेल याचा भरवसा नाही. मुलांमध्ये ही सवय बऱ्याचदा वाढत्या वयात आपोआप कमी होते. लेकरू तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, तर नाक आणि टॉन्सिल तपासून घ्या. नाकाने श्वास मिळत नसला की मुलं डोकं पुढे काढून, हनुवटी वर करून श्वास घेतात. मग तीच मानेची ठेवण होऊन बसते.

मोठ्या माणसांत साधारण दहातला एक जण झोपेत दात खातो. सकाळी उठल्यावर गाल जड, कानशिलं ठणकतात, मान ताठ, अशी त्याची खूण असते. दंतवैद्य रात्री घालायची पट्टी देतात. तिने दात झिजायचे वाचतात. सवय मात्र ती मोडत नाही, हे आधीच समजून पैसे द्यावेत. मन:स्वास्थ्याच्या काही गोळ्यांनीही दात खाणं वाढतं. तशी शंका असेल तर डॉक्टरांशी बोला, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

पूर्वी तीन बोटं जायची, आता दोनही जात नाहीत. मानेच्या व्यायामानं मोकळं होईल का?

पहिला माझा प्रश्न, सुपारी किंवा गुटखा खाता का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "कधीतरी."

सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होतं, दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात. आधी ठेचा, चटणी झोंबायला लागते. मग गाल आतून पांढुरका दिसतो. मग तोंड उघडेनासं होतं. हे स्नायूंचं आखडणं नाही, म्हणून शेक आणि मालिश यांनी सुटत नाही. एकदा बसलेले पट्टे पूर्ववत होणं अवघड असतं, आणि पुढे तिथेच कर्करोग होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवलं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते हे मात्र गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मान इथे नंतर येते. तोंड उघडेना की घास आत जावा म्हणून माणूस मान मागे टाकून, ओठ पुढे काढून खातो. तसं दिवसातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने. अशा एका ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या मानेवर मी सुरुवातीच्या काळात तीन आठवडे उपचार केले. तोंडात बॅटरी मारून बघितलं नाही. ती चूक माझीच. तेव्हापासून मानेच्या प्रत्येक रुग्णाला तोंड उघडायला लावते.

अशा वेळी आधी दंतवैद्य, आणि तोही लवकर. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, घाटीच्या रुग्णालयात जाणाऱ्यांना ते ठिकाण ठाऊक असतं. बायकांनीही मिश्री लावतो म्हणजे काही विशेष नाही असं समजू नये, तीही तंबाखूच.

मोबाईल कान आणि खांद्यात धरून गाडी चालवतो, त्यानं काही होतं?

अपघात होतो. त्यातून वाचलात तर मान एका बाजूला धरते.

जॉलाइन दिसावी म्हणून रबराचा गोळा चावतो. चांगलं आहे ना?

हे विचारायला पोरं आई बाहेर गेल्यावर तोंड उघडतात. चावून-चावून गालाचा स्नायू जाड होतो, हाड बदलत नाही. चेहरा टोकदार व्हायच्या ऐवजी चौकोनी होतो. वर कानापुढे दुखणं, कानशिलात ठणका, आणि अभ्यासाला वाकलेल्या मानेवर आणखी भार. दिवसभर च्युइंगम चघळण्याचंही तसंच. पैसे वाचवा, दोन डाळिंबं घ्या.

दातांची पट्टी लावली की कंबरदुखी जाते असं ऐकलं. खरं का?

माझ्या मते यावर पैसे घालू नयेत. दातांची ठेवण बदलल्याने कंबरदुखी बरी होते असं ठामपणे म्हणता येईल असा भक्कम पुरावा नाही. कंबरदुखीची नेहमीची कारणं वेगळी असतात, वाकून केलेली खुरपणी, कापूस वेचणी, खड्ड्यातून धावणारी मोटारसायकल, कमी झोप, आणि कधी मणक्यातली चकती. पैठणीच्या मागावर बसणाऱ्या कारागिराची पाठ दुखते ती तासन्‌तास बसून पुढे झुकल्याने, दाढांमुळे नव्हे.

उलट बाजूने मात्र थोडं खरं आहे. पाठीच्या वरच्या भागाला पोक आलं की डोकं पुढे येतं, आणि डोकं पुढे आलं की जबड्याचे स्नायू वेगळ्या कोनातून ओढले जातात. म्हणून जबडा दुखणाऱ्याच्या पाठीलाही मी हात लावते. जबड्याच्या उपचारात मान-पाठीचे व्यायाम धरले तर बऱ्याच जणांना बरं वाटतं.

घरी करायचे व्यायाम सांगा. सोपे सांगा.

चार पुरेत. दहा सांगितले की कोणी एकही करत नाही.

सगळ्यात आधी जबड्याला घरी बसवायला शिकवा. "न" म्हणा आणि जीभ जिथे लागली तिथेच राहू द्या. ओठ मिटलेले, दात सुटे, श्वास नाकाने. हा व्यायामही नाही म्हणा, सवय आहे. दिवसातून जितक्या वेळा आठवेल तितक्या वेळा. माझे काही रुग्ण फोन वाजला की आठवण धरतात, एक बाई प्रत्येक भाकरी तव्यावर टाकताना. तिचा हिशोब मला सगळ्यात आवडला, कारण तिच्या घरी रोज वीस भाकरी होतात.

दुसरा, जीभ टाळूला तशीच लावून ठेवून तोंड हळूहळू उघडायचं आणि मिटायचं. आरशासमोर करा, हनुवटी सरळ रेषेत खाली जायला हवी. सहा-सात वेळा, दिवसातून दोनदा. जीभ सुटेल इतकं उघडायचं नाही.

तिसरा, भिंतीला पाठ लावून बसा. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे न्या, गळ्याला थोड्या वळ्या पडतील अशी. पाच मोजा, सोडा. आठ-दहा वेळा. हनुवटी खाली वाकवायची नाही, कपाट मागे सरकवतो तशी सरकवायची. हातात मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर थांबा आणि दाखवा.

चौथा, दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढा, पाच मोजा, सोडा. हे शेताच्या बांधावरही होतं.

जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे जबडा फार ताणला जात नाही. पालथं झोपू नका, मान आणि जबडा रात्रभर एका बाजूला वळून राहतात. दुखणं जोरात असेल तेव्हा आठवडा-दोन आठवडे भाकरी आमटीत कुस्करून खा, खिचडी खा, दोन्ही बाजूंनी चावा. महिनाभर नुसत्या पेजेवर मात्र राहू नका. सांध्याला कामही लागतं. ओला गरम शेक दहा-पंधरा मिनिटं, कातडी भाजणार नाही इतपत.

सलूनमध्ये मान मोडून घेतली की बरं वाटतं. घ्यावी का?

नको. एक हात हनुवटीला, एक डोक्याला, आणि फटकन पीळ. जबडा हा त्यांचा तरफेचा दांडा असतो. आवाज येतो, पाच मिनिटं हलकं वाटतं, आणि त्या पाच मिनिटांसाठी लोक पुन्हा जातात. पण मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. अचानक पिळाने त्या आतून फाटल्या तर पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर नुकसान कायमचं राहू शकतं. मालिश करून घ्या, चंपी करून घ्या, पीळ नको म्हणून आधीच सांगा.

कोणतं दुखणं असेल तर वाट बघायची नाही?

जबड्यात, विशेषतः खालच्या, दुखतंय, सोबत छातीत दाब, डाव्या खांद्यात किंवा हातात कळ, घाम, मळमळ. चालताना वाढतं, थांबल्यावर कमी होतं. हे हृदयाचं असू शकतं. बायकांत आणि साखरेचा आजार असणाऱ्यांत छातीत न दुखता नुसतं जबड्यात-पाठीत दुखूनही झटका येतो. मालिश करत बसू नका, 108 ला फोन लावा.

दुसरं, शेतात जखम झाली आणि काही दिवसांनी दातखीळ बसायला लागली. कोयता, विळा, खिळा, बाभळीचा काटा, काहीही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, जखम झाल्यावर साधारण तीन दिवस ते तीन आठवड्यांत आजार दिसू लागतो. आधी जबडा, मग मान, मग पाठ. अंग धनुष्यासारखं मागे वाकतं. नावच त्यावरून पडलं आहे. जबड्यापासून पाठीपर्यंतची साखळी इतक्या भयंकर रीतीने दुसरा कुठलाच आजार दाखवत नाही, आणि लसीने तो टळतो. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं हे आठवत नसेल तर जखम झाल्या दिवशीच आरोग्य केंद्रात जाऊन तसं सांगा.

आणखी काही आहेत. मान दुखण्यासोबत हातातली ताकद जाणं, ताप आणि मान वाकवता न येणं, पडल्यावर किंवा अपघातानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखून चावताना जबडा थकणं आणि नजर धूसर होणं. जांभईनंतर तोंड उघडंच राहिलं तर जबडा निखळला आहे. कोणाच्या हातून तो बसवून घेण्याचा हट्ट करू नका, दवाखान्यात न्या.

आधी कोणाकडे जावं, दंतवैद्याकडे की फिजिओथेरपिस्टकडे?

दात ठणकत असेल, अक्कलदाढ येत असेल, तोंडात जखम किंवा पांढरा चट्टा असेल, तोंड कमी उघडत असेल, तर आधी दंतवैद्य. एका बाजूची दाढ पडलेली असेल तरी तेच, कारण सगळं एकाच बाजूने चावलं जातं. बसून-वाकून वाढणारी, मान फिरवली की कमी-जास्त होणारी कळ असेल तर आधी आमच्याकडे आलात तरी चालेल. आमच्यातले शहाणे लोक एकमेकांकडे चिठ्ठी देऊन पाठवतात. पहिल्याच भेटीत कोणी महिन्याचं पॅकेज किंवा मोठ्या रकमेची पट्टी पुढे केली, तर घरी जाऊन विचार करतो म्हणा.

जबडा दुखतोय म्हणून ऊस, हुरडा बंद करायचा का?

हुरड्याला माझी ना नाही. थोडा थोडा घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. ऊस मात्र उभं कांडं पुढच्या दातांत धरून, मान एका बाजूला हिसडून सोलायचा नाही. त्या एका हिसक्यात जबडा, मान आणि खांदा तिघंही पिळवटतात. संक्रांतीनंतर त्या एका कारणाने येणारे दोन-चार जण तरी दरवर्षी असतात. कोयत्याने सोलून, बोटाएवढ्या गंडेऱ्या करून घ्या. दुखणं ताजं असेल तर रसवंतीवर जा.